गाडी रात्री कुठे झोपते?

अगं, परवा तुझा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कणकेत होते. "ताई, प्लग-इन हायब्रिड घेऊ की सरळ इलेक्ट्रिकच घेऊन टाकू?" असं तू एका दमात विचारलंस आणि मी "बघू" म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल, ताई टाळतेय. टाळत नव्हते गं. शोरूममधल्या त्या गोडबोल्या पोराने तुझा पुरता गोंधळ करून ठेवलाय हे तेवढ्यातच कळलं, आणि तो निस्तरायला कुकरच्या तीन शिट्ट्या पुरल्या नसत्या. आज दुपार मोकळी आहे, आमचे हे बाहेर गेलेत. चहा घे आणि बस.

आधी मला सांग, रविवारी तू जी गाडी चालवून पाहिलीस तिला चार्जिंगचं झाकण कुठे होतं? पुढे? मागच्या चाकाच्या वर? नाही ना आठवत? कारण ते नव्हतंच. प्लग-इन, प्लग-इन म्हणत तुला दाखवली ती स्ट्राँग हायब्रिड. तिला प्लग नसतो. पेट्रोल भरायचं आणि चालवायची, बाकी ती तिचं बघते.

हायब्रिड या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू खपवल्या जातात, तिथेच सगळा घोळ होतो. एक माइल्ड. तिच्यातली मोटर इंजिनाला जरासा हातभार लावते आणि सिग्नलला बंद झालेलं इंजिन पटकन सुरू करते, एवढंच. ती पेट्रोलचीच गाडी समज. दुसरी स्ट्राँग. मारुतीची ग्रँड व्हिटारा, टोयोटाची हायरायडर आणि इनोव्हा हायक्रॉस, होंडाची सिटी यांची हायब्रिड मॉडेलं या जातीतली. रांगेत सरकताना इंजिन गप्प असतं, मोटर गाडी ओढते. ब्रेक दाबला की जी शक्ती एरवी वाया जाते ती बॅटरीत जमा होते. सगळं छान. पण ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरच्या त्या बॅटरीत वीज मावते किती, तर 0.76 युनिट. आपली साधी इस्त्री तासभर चालेल एवढी! तो पोरगा 'सेल्फ चार्जिंग' म्हणाला असेल, आणि तुला वाटलं असेल, वा, वीज फुकट. ती वीज येते तू पंपावर भरलेल्या पेट्रोलमधूनच. फक्त तो थेंब न् थेंब नीट वापरला जातो.

तिसरी तुझी प्लग-इन. हिची बॅटरी दहा-वीस युनिटांची असते. रात्री घरी प्लग लावायचा, सकाळी चाळीस ते ऐंशी किलोमीटर विजेवर जायचं, आणि वीज संपली की पेट्रोलचं इंजिन आहेच. रोजचं ऑफिस विजेवर, सुट्टीतलं गाव पेट्रोलवर. कागदावर हिच्याइतकी गुणाची पोर दुसरी नाही. मलाही मोह पडला होता. पण आपल्याकडे ज्या आल्या त्या बहुतेक परदेशी कंपन्यांच्या, कोटीच्या आसपासच्या, श्रीमंतांच्या. तुझ्या बजेटातली एकही मला सापडली नाही, आणि मी शोधायला कमी केलं नव्हतं.

आता एक गंमत ऐक. आपला मावसभाऊ स्टुटगार्टला असतो, त्याच्याकडे कंपनीने दिलेली प्लग-इन हायब्रिड होती. मी गेले तेव्हा मोठ्या उत्सुकतेने विचारलं, "रोज चार्ज करतोस का रे?" तो हसला. डिकी उघडली तर चार्जिंगची केबल पिशवीत, पिशवीचं सील शाबूत, आणि तिच्यावर दहा किलो बासमतीची गोणी. पेट्रोलचं कार्ड कंपनीचं, घरची वीज मात्र स्वतःच्या खिशातली. मग प्लग लावतो कोण? दीड-दोनशे किलोची बॅटरी उगीच पाठुंगळी घेऊन तो वर्षानुवर्षं पेट्रोल जाळत हिंडत होता. आणि तो एकटाच नव्हे. युरोपियन कमिशनने 2021 मध्ये नोंदणी झालेल्या गाड्यांची रस्त्यावरची आकडेवारी तपासून 2024 मध्ये सांगितलं, की प्लग-इन हायब्रिड गाड्यांचा प्रत्यक्षातला कार्बन डायऑक्साइड कंपनीच्या कागदावरच्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाला. गाडी वाईट नाही गं. ती रोज प्लग लावणाऱ्याची गाडी आहे, आणि माणसं लावत नाहीत. शिवाय इंजिन ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग हे सगळं तिला आहेच, वर मोठी बॅटरीही आहे. दोन संसार एका छपराखाली.

म्हणून तुझा प्रश्न मी बदलून घेते. प्लग-इन बाजूला ठेव. तुझ्यासमोर निवड आहे ती स्ट्राँग हायब्रिड की इलेक्ट्रिक, एवढीच. आणि तिचं उत्तर शोरूममध्ये नाही, तुझ्या ठाण्याच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर आहे. तुझी गाडी रात्री कुठे झोपते? तिच्या उशाशी प्लग लावता येतो का?

हसू नकोस. मी हेच विचारायला विसरले होते. गाडी आधी घेतली आणि प्लग नंतर शोधायला निघाले. आमच्या सोसायटीत मीटररूम एका टोकाला आणि आमचं पार्किंग दुसऱ्या. कमिटीतले काका म्हणाले, "आग लागली तर जबाबदार कोण?" दुसरे म्हणाले, "आज तुम्ही, उद्या वीस जण येतील, ट्रान्सफॉर्मर उडेल." तिसऱ्यांना वाटलं मी जिन्यातल्या दिव्याची वीज चोरणार. अडीच महिने मी त्या मीटिंगांना लाडू घेऊन जात होते. ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी 2022 मधल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय की घरच्या असलेल्या जोडणीवरून मालकाला आपली गाडी चार्ज करता येते. त्याची प्रिंट काढून नेली, तेव्हा कुठे गाडं हललं. पण खरं काम कागदाने नाही, आमच्या इलेक्ट्रिशियनने केलं. त्याने कमिटीला मीटररूममध्ये नेऊन दाखवलं: ही ताईंच्या मीटरमधून निघणारी वेगळी लाइन, हा तिचा एमसीबी, ही आर्मर्ड केबल, हे अर्थिंग. एक्स्टेंशन बोर्ड कुठेच नाही. काकांनी एमसीबी खाली-वर करून पाहिला आणि सही केली. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी मागच्या महिन्यात इलेक्ट्रिक घेतली, आता ते माझ्याकडे इलेक्ट्रिशियनचा नंबर मागायला येतात.

तुझं रोजचं जाणं-येणं चाळीस किलोमीटर. मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी शहरात एका युनिटवर सहा-सात किलोमीटर जाते. म्हणजे तुला रोज लागतात सहा-सात युनिट. पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर दोन-अडीच तासांत होतात. झोपायच्या आधी प्लग लावायचा, फोनला लावतो तसा. लोक 'चार्जिंगला आठ तास, बारा तास' म्हणून घाबरवतात, ते रिकामी बॅटरी पूर्ण भरायचं सांगत असतात. तू रोज टाकी रिकामी करून पंपावर जातेस का?

आता पैशाचं बोलू, त्याशिवाय जावईबापूंचं समाधान व्हायचं नाही. महिन्याला हजार किलोमीटर धर. चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते, ती धरून एकशे साठ युनिट. तुमच्याकडे दोन एसी आहेत, बिल तीनशे युनिटांच्या पुढे जातच असणार, म्हणजे ही वीज वरच्या स्लॅबमध्ये पडेल. युनिटला सरासरी बारा-चौदा रुपये धरले तरी दोन-सव्वादोन हजार. स्ट्राँग हायब्रिडने खरोखरचं वीसचं ॲव्हरेज दिलं तर पन्नास लिटर पेट्रोल, लिटर शंभराच्या पुढे, म्हणजे पाच हजारांवर. (जाहिरातीत 27.97 लिहिलंय, ते विसर.) साधी पेट्रोल गाडी असती तर आठ हजार. वर्षाला हायब्रिडपेक्षा पस्तीस-चाळीस हजार वाचतात, म्हणजे इलेक्ट्रिकची बाजू भक्कम. आता हाच हिशेब घरच्या प्लगशिवाय कर. बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटला वीस रुपये आणि वर लागतात. महिन्याचे साडेतीन हजार झाले. हायब्रिडच्या तुलनेत वाचले दीड-दोन हजार, आणि त्यासाठी दर आठवड्याला कुठल्यातरी मॉलच्या पार्किंगमध्ये तासभर डोळे मिटून बसायचं. त्या तासात एक स्वेटर विणून होईल म्हणून मी सुया घेऊन गेले होते. तो अजून अर्धाच आहे. प्लग नसेल तर नको हा उद्योग.

सरकारचं पारडंही इलेक्ट्रिककडे झुकलेलं आहे. जीएसटी 5 टक्के. मोठ्या हायब्रिड गाड्यांना सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के. महाराष्ट्राचं ईव्ही धोरण 2030 पर्यंतचं आहे, त्यात वाहन कर माफ आणि अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी या तीन रस्त्यांवर टोल माफ. टोल चुकून कापला जात नाही ना, हे फास्टॅगच्या मेसेजमध्ये मात्र बघत जा. थर्ड पार्टी विम्यातही 15 टक्के सूट मिळते, हायब्रिडला साडेसात. फक्त त्या पोराने आयकरातल्या 80ईईबीच्या सवलतीचं आमिष दाखवलं तर मान डोलवू नकोस. ते कर्ज 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेलं असायला हवं. ती गाडी केव्हाच सुटली.

आता आईकडे जायचं काय, हे तू विचारणारच. खरं सांगायचं तर मला याचीच धास्ती होती. पुण्याहून चिपळूण, ताम्हिणीमार्गे दोनशेच्या वर किलोमीटर. आमच्या गाडीच्या कागदावर चारशेच्या पुढे रेंज लिहिली आहे, प्रत्यक्षात एसी लावून, चार माणसं आणि डिकीभर सामान घेऊन तीनशे धरायची. पहिल्या खेपेला मी रस्त्याकडे कमी आणि टक्क्यांकडे जास्त बघत होते. ताम्हिणी उतरायला लागलो, पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, तर गाडी स्वतःच स्वतःला आवरत खाली येऊ लागली आणि आकडा वाढायला लागला! 61 चे 62, मग 63, 64. मागच्या सीटवर मुलं क्रिकेटच्या स्कोअरसारखी ओरडत होती. मी तर हुरळलेच. येताना त्याच घाटाने व्याजासकट वसूल केलं म्हणा.

पण खरी गंमत आईच्या ओट्यावर झाली. गाडीबरोबर मिळालेला चार्जर पडवीतल्या सॉकेटला लावला, तर लाल दिवा. काढला, पुन्हा लावला, लाल दिवा. आई म्हणाली, "भूक नसेल गं तिला." वायरमन आला, त्याने टेस्टर लावून पाहिलं आणि म्हणाला, "वहिनी, घराला अर्थिंगच नाही." पन्नास वर्षं ते घर अर्थिंगशिवाय चाललं होतं, मिक्सरचे अधूनमधून झटके बसायचे ते त्यामुळेच, आणि आपण त्याला आईच्या ओल्या हातांचं कारण लावत होतो. मग मागल्या दारी जांभ्यात खड्डा खणला, तांब्याची पट्टी घातली, भोवती कोळसा आणि खडेमीठ. आईने अगदी गंभीरपणे विचारलं, "मीठ किती? लोणच्याएवढं की जास्त?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिरवा दिवा लागला. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं असतं, ते आई तुळशीबरोबर न चुकता घालते.

गणपतीला मात्र गाडी घेऊन कोकणात निघायचं म्हणजे आदल्या रात्री शंभर टक्के भरून, आणि वाटेतला चार्जर चालू आहे का हे फोन करून विचारून. ॲपवर हिरवा दिसतो तो जागेवर बंद असू शकतो. आणि एक ॲप असेल तर शपथ. माझ्या फोनवर सहा आहेत, प्रत्येकाच्या पाकिटात शे-दोनशे रुपये अडकलेले. जावईबापूंना महिन्यातून एकदा सोलापूरला जावं लागतं ना? ठाण्याहून एका दमात नाही व्हायचं ते. वाटेत पाऊण-एक तास थांबावं लागेल. त्यांना थांबायची सवय आहे का, हे मला ठाऊक नाही. तुला असेल.

आणि माझी फजिती सांगितल्याशिवाय तुला गाडी घेऊ देणार नाही. मागच्या पावसाळ्यात मंडईतून आले, दोन्ही हातांत पिशव्या, पाऊस कोसळतोय, आणि गाडीचं दार उघडेना. किल्लीचं बटण दाबते, काही नाही. मोठी बॅटरी 70 टक्के भरलेली आणि गाडी ढिम्म. कंपनीच्या हेल्पलाइनला लावला फोन, तर "मॅडम, गाडी चार्जिंगला लावा." अरे, दार उघडत नाही, तर लावू कशी? शेवटी फुलवाल्याच्या टेम्पोवाल्या पोराने किल्लीतली लपवलेली पाती काढून दार उघडलं, बॉनेट उघडलं आणि टेम्पोच्या बॅटरीला दोन वायरी जोडल्या. गाडी जागी झाली. तेव्हा कळलं की इलेक्ट्रिक गाडीतही साध्या गाडीसारखी एक छोटी बारा व्होल्टची बॅटरी असते, आणि ती मेली की मोठी कितीही भरलेली असो, उपयोग शून्य. सर्व्हिसवाल्यांनी तीन वर्षांत एकदाही ती तपासली नव्हती. तू पहिल्या दिवशीच ती किल्लीतली पाती कशी निघते ते शिकून घे.

मोठ्या बॅटरीची भीती मात्र फार बाळगू नकोस. आठ वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर अशी वॉरंटी सर्रास मिळते. हायब्रिडच्या चिमुकल्या बॅटरीलाही साधारण तेवढीच. रोज ऐंशी टक्क्यांपर्यंत भरावी, अगदी रिकामी होऊ देऊ नये, आणि फास्ट चार्जर प्रवासापुरता. तुझ्या गाडीत एलएफपी जातीची बॅटरी असेल तर मॅन्युअलमध्ये अधूनमधून पूर्ण भरायला सांगितलेलं असतं, तसं करायचं. एवढंच.

तुला वाटत असेल, ताई इलेक्ट्रिकचीच वकिली करतेय. तसं नाही. आपली भावजय, ती नागपूरची गं, भाड्याच्या घरात राहते, दर दोन वर्षांनी बदली, गाडी रस्त्यावर लावते. तिला मी डोळे मिटून स्ट्राँग हायब्रिड घ्यायला लावली. डिकीतली जागा बॅटरीने खाल्ली म्हणून ती कुरकुरते, पण खुशीत आहे. शहरातल्या गर्दीत ती गाडी जितकी अडकते तितकी तिची मोटर कामाला येते. हायवेवर शंभराने पळवली की हायब्रिडचं कौतुक जरा ओसरतं, कारण तिथे इंजिनच राबत असतं. पण ज्याच्या घरी प्लग नाही त्याच्यासाठी याहून शहाणी गाडी आज नाही. त्यात कमीपणा काही नाही. इलेक्ट्रिकची हिरवी नंबरप्लेट मिरवायला गाडी घ्यायची नसते.

तुझ्यापुरतं माझं मत विचारशील तर, पार्किंग तुझ्या नावावर आहे आणि कमिटीने लाइन ओढायची परवानगी लेखी दिली, तर इलेक्ट्रिक. सोलापूरच्या खेपेला जावईबापूंनी रेल्वेने जावं, स्टेशन काही दूर नाही. कमिटीने "बघू, पुढच्या मीटिंगला" म्हटलं तर स्ट्राँग हायब्रिड, आणि मग पाच वर्षं मागे वळून बघायचं नाही. स्वस्तातली प्लग-इन येईल म्हणून थांबू नकोस. तुझी जुनी गाडी पुढच्या पावसाळ्यापर्यंत तग धरणार नाही, आणि प्लग-इनच्या छोट्या बॅटरीसाठी रोज रात्री अकरा वाजता खाली उतरून प्लग लावायचा तुझा स्वभाव आहे का, हे तूच बघ. तू तर ओला टॉवेल वाळत घालायचा विसरतेस.

आज संध्याकाळी एक कर. मीटररूमच्या दारापासून तुझ्या पार्किंगच्या खांबापर्यंत सरळ चालत जा, पावलं मोज आणि मला फोन करून आकडा सांग. केबल किती लागेल ते मी आमच्या इलेक्ट्रिशियनला विचारून ठेवते. आणि तोपर्यंत त्या पोराला बुकिंगचे पैसे देऊ नकोस, तो कितीही वेळा म्हणाला तरी, की ऑफर उद्या संपतेय.